ग्रामपंचायतीच्या मतदानाचा पंच कोण?

चुडाव्यात ग्रामपंचायतीचं मतदान दिल्लीचा नाही, राज्य निवडणूक आयोग घेतो. कलम २४३-के प्रमाणे त्याचा आयुक्त राज्यपाल नेमतात, म्हणजे व्यवहारात राज्य सरकारच.

गोव्यात तर विधी सचिवांकडेच आयुक्तपदाचा जादा कार्यभार दिला होता! सर्वोच्च न्यायालयाने १२ मार्च २०२१ रोजी बजावलं, सरकारी नोकरीतला माणूस आयुक्त चालणार नाही. आमच्या सॉफ्टवेअरमध्येही ज्याचा कोड, तपासणारा तोच नसतो. पण निवृत्त अधिकारी चालतो. यू. पी. एस. मदान २०१९ पर्यंत आपले मुख्य सचिव होते, त्याच वर्षी आयुक्त झाले. नियमाला धरूनच.

दिल्लीच्या निवड समितीत निदान विरोधी पक्षनेता बसतो, भले दोघांविरुद्ध एकटा. इथेही तशी समिती हवी. आमदारांना द्यायचा अर्ज तयार आहे. वाचून, पटला तरच सही करा.