बेटावरचा साखळी पब

इंग्लंडच्या दक्षिणेला आयल ऑफ वाइट हे बेट आहे. मुख्य भूमीशी पूल नाही. बोटीनं किंवा हॉवरक्राफ्टनं जावं लागतं. १९७९ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या वेदरस्पून या पबसाखळीनं इथल्या राइड गावातलं कापडाचं जुनं दुकान घेतलं, न्यूपोर्टमध्ये तर जुनं चर्चच! अशा वास्तू वापरात राहतात, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. घाऊक खरेदीमुळे साखळीच्या पबमधली बिअर स्वस्त. पण पर्यटकांची गर्दी उन्हाळ्यातली. हिवाळ्यात गिऱ्हाईक मोजकंच. तेही साखळीकडे वळलं, तर घरगुती पब चालायचा कसा? म्हणून साखळीनं बेटावर तयार होणारी बिअर ठेवावी, माणसंही तिथलीच नेमावीत, असं माझं ठाम मत आहे.