पणजीचे नाव

आमच्या वंशावळीत पाच पिढ्यांच्या पुरुषांची नावे आहेत. पणजी मात्र नुसती ‘मुरबाडकडच्या पाटलांची लेक’. मुरबाडला तिच्या माहेरच्या जमिनीचे जुने उतारे पाहिले. तेथे ती नव्हती. 1956 पूर्वी भाऊ असता लेक वारस ठरत नसे. मग शहापूरच्या कचेरीतून सासरचे फेरफार काढले. 1903 च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी आली, त्यानंतरचे हे मोडी कागद. पणजोबा वारल्यावर अज्ञान मुलाच्या नावापुढे ‘अ. पा. क. आई’, म्हणजे पालनकर्ती, आणि पुढे तिचे नाव! वैधव्य आले तेव्हा कोठे ते सरकारदप्तरी चढले. आता वंशावळीतही लिहिले आहे.

हिंदू वारसा कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीने लेकही जन्मतः हिस्सेदार आहे. हक्कसोड करणे जिच्या तिच्या खुशीचे. पण भगिनींनो, कागद वाचल्याशिवाय अंगठा नको, सहीही नको.