दोन जिल्हे मिळून अर्धा सर्बिया

श्रोतेहो, कवितेच्या माणसाने बास्केटबॉलवर बोलावं, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण या खेळातली एक गोष्ट आपल्या मुलामुलींच्या कामाची आहे, म्हणून हा विषय निवडला.

निकोला योकिच हा सर्बियाचा खेळाडू. सोंबोर या लहान शहरात १९९५ साली जन्मला. कोवळ्या वयातच तो बेलग्रेडच्या ‘मेगा’ या क्लबात गेला. २०१४ साली अमेरिकेच्या एनबीए लीगने नवे खेळाडू निवडले, तेव्हा त्याचा क्रमांक ४१वा होता. पुढे २०२१, २०२२ आणि २०२४ अशा तीन वेळा तो त्याच लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०२३ मध्ये त्याच्या डेन्व्हर संघाने पहिलं विजेतेपद मिळवलं.

सर्बियाची लोकसंख्या सुमारे ६६ लाख. चंद्रपूर आणि गडचिरोलीची मिळून, २०११च्या जनगणनेप्रमाणे, साधारण ३३ लाख. म्हणजे आपले दोन जिल्हे मिळून अर्धा सर्बिया होतो!

‘ती माणसं उंचच असतात,’ असं म्हणून आपण मोकळे होतो. पण तिथल्या क्लबांचं काम पाहा. मूल लहानपणीच हेरायचं, प्रशिक्षकाच्या हाती द्यायचं, मिसरूड फुटते न फुटते तोच मोठ्यांच्या सामन्यात उतरवायचं. मोठ्या क्लबने त्याला घेतलं, की आलेल्या पैशातून पुढची मुलं घडवायची.

आपल्याकडे असं काही झालंच नाही, असंही नाही. मुंबईच्या नागपाडा-कामाठीपुरा भागाची एक बाजू नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’मुळे मराठी वाचकाला कळली. दुसरी बाजू खेळाची आहे. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी तिथे ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ सुरू केलं. समाजकार्य शिकवणारी टाटांची संस्था १९३६ साली याच वास्तूत सुरू झाली. दाटीवाटीच्या त्या वस्तीत बास्केटबॉल असा रुजला, की गल्लीतली पोरं देशाच्या संघात जाऊ लागली.

त्यांतलं मोठं नाव अब्बास मुंतसिर. अरबीत मुंतसिर म्हणजे विजयी. ते भारताचे कर्णधार झाले, १९७० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला, खेळाची तत्त्वं सांगणारं पुस्तकही त्यांनी लिहिलं. पण त्या काळी आपल्याकडे व्यावसायिक लीग नव्हती. खेळून पोट भरत नसे. रेल्वेत, पोलिसात, लष्करात किंवा कारखान्यात चिकटलं, की घरचे सुटकेचा श्वास टाकत. ऑलिम्पिकला आपला बास्केटबॉल संघ एकदाच गेला, १९८० साली मॉस्कोला. बारा संघांत बारावा आला. सुवर्णपदक नेलं युगोस्लावियाने. सर्बिया तेव्हा त्याच देशाचा भाग होता.

आता आपल्याकडे या. २०१८च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. ताकद, दम, हिंमत यांची वाण या मातीत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. त्यांना निवडणारं आणि महिनोन्‌महिने तयार करणारं कुणीतरी होतं.

माझ्या मोहल्ल्यात सहा फूट दोन इंच उंचीचा एक मुलगा होता. शाळेच्या मैदानावर रिंग होती, शिकवणारे सर होते. सरांची बदली झाली आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही. दोन वर्षांत रिंगला गंज चढला, आणि मुलगा कोळशाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढला. आजही तो दिसला की माझी नजर आधी त्याच्या हातांकडे जाते. केवढाले पंजे आहेत!

एटापल्ली-भामरागडच्या मुलाला बेलग्रेड फार लांब. त्याला आधी चालत जाता येईल असं मैदान हवं. सिमेंटचं अर्धं मैदान आणि एक रिंग, एवढ्यावर सुरुवात होते. मग रोज संध्याकाळी तिथे उभा राहणारा माणूस हवा. आपल्याकडे खाणी आहेत, बल्लारपूरचा कागद कारखाना आहे, भद्रावतीची आयुध निर्माणी आहे. तिथून निवृत्त झालेल्यांत तरुणपणी खेळलेला एखादा तुमच्या ओळखीचा असेल. त्याला गाठा. म्हणावं, दादा, शिट्टी शोधून काढा आणि उद्या पाच वाजता मैदानावर या. मुलं आम्ही गोळा करतो.