भरवसा हत्याराचा आणि हाताचा

(नेमबाजीच्या एका शिबिराच्या समारोपप्रसंगी पालक व शिबिरार्थींपुढे केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



वृत्तपत्रात उभी हयात घालवलेल्या माणसाला या समारोपाला बोलावण्यात संयोजकांनी थोडे धाडसच केले आहे. मी कलाशाखेचा पदवीधर. यंत्राशी माझा परिचय लेखणीपुरताच. परंतु दोन पक्ष हिरिरीने भांडू लागले, की दोघांचीही बाजू तपासून घ्यावी, ही सवय बातमीदारीने लावली. भरवशाचे कोणते, रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, हा वाद असाच शंभर वर्षांहून जुना आहे. शिबिरातून घरी परतल्यावर अनेक पालकांपुढे तो खरेदीच्या निमित्ताने उभा राहील, म्हणून आज तोच विषय घेतो.

रोजच्या बोलण्यात हे दोन्ही शब्द आपण सरमिसळ करून वापरतो. हुतात्मा चंद्रशेखर आझाद यांचे जे शस्त्र प्रयागराजच्या संग्रहालयात जतन केले आहे, त्याला कित्येक जण रिव्हॉल्व्हर म्हणतात. वस्तुतः ते कोल्ट कंपनीचे अर्धस्वयंचलित पिस्तूल आहे. हा भेद केवळ नावाचा नाही, रचनेचा आहे.

सॅम्युएल कोल्ट यांनी १८३६ साली अमेरिकेत ज्याचे पेटंट घेतले, त्या रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे एका फिरत्या चक्रीत, प्रत्येक आपापल्या घरात बसलेली असतात. चक्री फिरते ती आपल्याच बोटाच्या किंवा अंगठ्याच्या जोरावर. एखादे काडतूस फुसके निघाले, तर पुन्हा चाप ओढावा. पुढचे काडतूस समोर येते. पिस्तुलाचे तसे नाही. उडालेल्या बाराच्याच धक्क्याने त्याचा वरचा भाग मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि परत येताना मॅगझिनमधील नवे काडतूस नळीत लोटतो. म्हणजे पुढचा बार मागच्या बारावर अवलंबून. काडतूस अशक्त असेल, मॅगझिनची कड वाकली असेल, तेल सुकले असेल, एवढेच काय, धरणाऱ्याचे मनगट ढिले असेल, तरी ही साखळी तुटू शकते.

एवढ्यावरून निकाल रिव्हॉल्व्हरच्या बाजूने द्यावासा वाटेल. पण थांबा. रिव्हॉल्व्हरही अडते. न जळलेल्या दारूचा एखादा कण चक्रीच्या मागे जाऊन बसला, किंवा धक्क्याने काडतुसातील गोळी पुढे सरकली, तर चक्री फिरेनाशी होते; आणि ती अडली की बहुधा कारागिराकडेच न्यावी लागते. पिस्तुलातील बरेच अडथळे सरावलेला हात काही क्षणांत सोडवतो. थोडक्यात, एक क्वचित अडते, पण हट्टाने अडते. दुसऱ्याला अडायला कारणे अधिक, पण ते लवकर वाटेवर येते.

मार्च १९११ मध्ये अमेरिकी सैन्याने नव्या पिस्तुलाची परीक्षा घेतली. जॉन ब्राउनिंग यांच्या रचनेच्या कोल्ट पिस्तुलाने ६,००० फैरी एकदाही न अडता झाडल्या. स्पर्धेतील सॅव्हेज पिस्तूल ३७ वेळा अडले. यंत्राच्या थोरवीचा दाखला म्हणून ही कथा सांगितली जाते. तिचा दुसरा भाग मात्र सहसा कोणी सांगत नाही. त्या परीक्षेत दर १०० फैरींनंतर पिस्तूल थंड होऊ दिले जाई आणि दर १,००० फैरींनंतर ते साफ करून तेल दिले जाई. विक्रमात तेलाच्या बुधलीचाही वाटा होता!

आता तुमच्या मुलांच्या हातातील एअर पिस्तुलाकडे वळू. त्यात दारू नाही, पुंगळी नाही. स्पर्धेत ४.५ मिलिमीटरचा एकेक छर्रा हाताने भरायचा आणि सिलिंडरमधील दाबलेल्या हवेने तो सोडायचा. यात अडण्यासारखे काय, असे वाटेल. परंतु सील झिजते, हवा गळते, सिलिंडरची मुदत संपते. आणि चाप विजेवर चालणारा असेल, तर तोही दगा देऊ शकतो.

हे साऱ्या देशाने २५ जुलै २०२१ रोजी टोकियोत पाहिले. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत मनू भाकर हिच्या पिस्तुलाच्या विजेच्या चापात बिघाड झाला. दुरुस्ती होईपर्यंत घड्याळ थांबले नाही. परतल्यावर ३६ मिनिटांत ४४ छर्रे झाडायचे होते. एकोणीस वर्षांच्या त्या मुलीने ते झाडले, ५७५ गुण मिळवले आणि ती बाराव्या स्थानावर राहिली. अंतिम फेरी हुकली. तीन वर्षांनी, २८ जुलै २०२४ रोजी पॅरिसमध्ये याच प्रकारात तिने कांस्यपदक जिंकले. ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचे पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. दोनच दिवसांनी सरबज्योत सिंगच्या साथीने तिने दुसरे कांस्यपदकही मिळवले. तीन वर्षांपूर्वीच्या त्या बिघाडाला तिने शेवटचा शब्द ठरू दिले नाही.

पालकहो, आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाची नियमावली एकदा जरूर वाचा. पंचवीस मीटर पिस्तुलाच्या स्पर्धेत, ज्या प्रकारात आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्ण जिंकले, त्यात बिघाडाचे दोन वर्ग केले आहेत. काडतूस उडाले नाही किंवा चापाची यंत्रणा निकामी झाली, तर नेमबाजाला दाद मिळते. पण काडतूस भरायचेच राहिले, सुरक्षेची कळ काढली नाही, पंचांनी पाहण्यापूर्वीच पिस्तुलाला हात घातला, तर मिळत नाही. यंत्राची चूक यंत्राच्या खाती, माणसाची माणसाच्या खाती. इतका स्वच्छ हिशेब घरी ठेवला, तर निम्मे रडगाणे संपेल.

मग उत्तर काय? चक्रीच्या साधेपणाला मान द्यावा, पिस्तुलाच्या क्षमतेलाही द्यावा. मात्र महागडे हत्यार घेतले म्हणजे भरवसा विकत मिळाला, असे समजू नये. मुलाला एक वही करून द्या. किती फैरी झाल्या, सील कधी बदलले, सिलिंडरची मुदत कधी संपते, हे त्याने स्वतः लिहावे. हत्यार रिकामे आहे याची खात्री करूनच ते खाली ठेवावे. अडले तर काय करायचे, याचाही सराव नेमाबरोबर व्हावा.

खंडेनवमीला आपण शस्त्रांची पूजा करतो. त्याआधी ती पुसून, घासून, तेल देऊन ठेवण्याची आपली रीत आहे. नेमबाजाने ती रीत वर्षातून एकदा नव्हे, प्रत्येक सरावानंतर पाळावी, एवढीच विनंती करतो आणि आपली रजा घेतो.