रेतीतला गोतावळा



वांग्याचं किंवा टमाट्याचं खुरटलेलं झाड उपटलं, की कधी कधी मुळांवर गाठी दिसतात. वर्धा जिल्ह्यातल्या आंजी मोठी गावच्या शेतकऱ्याला त्या नवीन नाहीत. या गाठी सूत्रकृमी नावाच्या बारीक जिवामुळे होतात. हे सूत्रकृमीचं घराणं मूळचं समुद्रातलं, आणि आजही त्याचा मोठा गोतावळा किनाऱ्याच्या वाळूत नांदतो आहे.

अलिबागला किंवा रत्नागिरीजवळ भाट्याला ओहोटीच्या वेळी मूठभर ओली वाळू घ्या. नुसत्या डोळ्यांना तीत काहीच दिसणार नाही. ती गोड्या पाण्यात टाकून ढवळली, की खाऱ्या पाण्यातल्या या जिवांना धक्का बसतो आणि कणांवरची त्यांची पकड सुटते. वरचं पाणी लगेच अतिशय बारीक जाळीतून गाळायचं आणि जाळीवर उरेल ते समुद्राच्या पाण्यात घालून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचं. मग पाहत राहावं! सूत्रकृमीच्या अंगात फक्त उभे स्नायू असतात, त्यामुळे तो जागच्या जागी फटकारे मारतो. चपटे कृमी अंगावरच्या केसांसारख्या बारीक तंतूंवर सरकत जातात. गांडुळाचे दूरचे नातलगही दिसतात, बहुतेक एखाद्या मिलिमीटरच्या आतबाहेर. चौरस मीटरभर वाळूत असे लहानगे जीव दहा लाखांच्या घरात असू शकतात.

लाट आली की सगळे कण घुसळून निघतात. म्हणून यांतल्या अनेकांना चिकट ग्रंथी असतात: कण धरायचा, लगेच सोडायचा. देह एवढासा, म्हणून अंडीही मोजकीच. वेगवेगळ्या कुळांतले जीव याच बेताला येऊन पोचले आहेत.

लहान आणि साधा जीव म्हणजे जुनाट, असं आपण धरून चालतो. प्राणिशास्त्रज्ञ टॉर्स्टन स्ट्रुक आणि सहकाऱ्यांनी वाळूतल्या वलयांकित कृमींची, म्हणजे गांडुळाच्या त्या नातलगांची, जनुकं ताडून पाहिली आणि 2015 साली दाखवलं, की हे मोठ्या पूर्वजांचेच वंशज आहेत. काही कुळं पिढ्यान्‌पिढ्या आकसत गेली. काहींची पिल्लं मात्र कोवळ्या वयातच वयात आली आणि त्याच देहात राहिली. मला हा दुसरा मार्ग फार विलक्षण वाटतो.

आता पुन्हा सूत्रकृमीकडे. ते समुद्रातून गोड्या पाण्यात आणि जमिनीत आले. जीवशास्त्रज्ञ मार्क ब्लॅक्स्टर यांच्या 1998 च्या अभ्यासानुसार प्राण्यांवर परजीवी होणं त्यांच्यात निदान चार वेळा आणि वनस्पतींवर तीन वेळा स्वतंत्रपणे घडलं. वांग्याच्या मुळातला कृमी आणि ओल्या मातीतून अनवाणी पायात शिरणारा, पोटात रक्त पिणारा अंकुशकृमी हे त्याच घराण्यातले. सेवाग्रामच्या वैद्यकीय संस्थेचं ग्रामीण आरोग्य केंद्र आंजीतच आहे. तिथे विचारून लेकरांना जंताची गोळी द्या, चप्पल घालायला लावा. पण सगळे सूत्रकृमी वैरी नव्हेत. मातीतले कितीतरी सूत्रकृमी जिवाणू खाऊन जगतात आणि त्यातलं नत्र पिकाच्या हाती पडतं.

वर्ध्याच्या धाम नदीच्या रेतीतही सूत्रकृमी सापडतील. शाळा-कॉलेजच्या मुलांनी पाण्याखालची रेती बाटलीत घ्यावी, नदीच्याच पाण्यात हलवावी, वरचं पाणी गाळावं आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल त्याचं चित्र काढून खाली जागा आणि तारीख लिहावी. नदीतली रेती उपसून ट्रक भरले जात असताना हे काम लवकर व्हायला हवं.