जुना फोन आणि नवी कार्यप्रणाली

(चेणे येथे शिक्षक, अंगणवाडी सेविका व ग्रामस्थ यांच्यासमोर माहिती अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



एका अंगास घोडबंदरचा अखंड वाहता रस्ता आणि दुसऱ्या अंगास संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, अशा या चेणे गावी आज एका साध्या परंतु निकडीच्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. हाती असलेल्या जुन्या स्मार्टफोनची कार्यप्रणाली अद्ययावत करावी की करू नये?

कार्यप्रणाली म्हणजे फोनचा कारभारी. पडदा, स्मृती, कॅमेरा या साऱ्यांचे काम तोच वाटून देतो. नव्या आवृत्तीत सुरक्षेतील उणिवा दूर केलेल्या असतात. म्हणून ज्या फोनवरून बँकेचे व्यवहार होतात, त्याने ती घेणे हिताचे. मात्र कारभारी बदलला म्हणून घर मोठे होत नाही. कमी स्मृतीच्या फोनवर नवी आवृत्ती कधी कधी अधिकच मंद चालते.

राज्यातील एक अनुभव या संदर्भात बोलका आहे. २०१९ मध्ये अंगणवाडी सेविकांना शासनाकडून फोन मिळाले. त्यांची कार्यकारी स्मृती होती २ जीबी. मार्च २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ आला आणि त्याचा भार या फोनांना पेलवेना. अखेर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभर सेविकांनी ते फोन परत केले. उणीव साधनाची होती. नोंद राहिल्याचा बोल मात्र सेविकेला ऐकावा लागतो.

तेव्हा प्रथम सेटिंगमध्ये जाऊन नवी आवृत्ती उपलब्ध आहे काय ते पाहावे. असल्यास छायाचित्रे, क्रमांक व नोंदी अन्यत्र उतरवून ठेवाव्यात, पुरेशी जागा रिकामी करावी, बॅटरी भरून घ्यावी आणि काम चालू असता फोन बंद करू नये. मागील आवृत्तीकडे परतणे बहुधा शक्य नसते; शक्य असले तरी त्यात साठवलेली माहिती पुसली जाते. संदेशातून आलेल्या दुव्यावरून कोणतीही आवृत्ती उतरवू नये. फसवणूक झालीच, तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे.

उत्पादकाने आवृत्त्या देणे थांबवले असेल, तर मात्र आपला इलाज नाही. २०१३ मधील अँड्रॉइड ४.४ चा आधार गूगलने ऑगस्ट २०२३ पासून काढून घेतला. असा फोन बोलण्यापुरता ठेवावा. पैशांचे व्यवहार त्यावरून करू नयेत.

अधिकारी मित्रांना एकच विनंती. नवे ॲप सक्तीचे करण्यापूर्वी ते गावातील सर्वांत जुन्या फोनवर चालवून पाहावे. पाड्यावरील एखाद्या बालकाचे घटलेले वजन केवळ फोन अडला म्हणून नोंदीविना राहिले, तर ती उणीव कोणत्याही नव्या आवृत्तीने भरून निघणार नाही.