फातेमा झकेरिया आणि माझी दादी



फातेमा झकेरिया यांची ओळख आपण बहुतेकदा नात्यांतून करून देतो: डॉ. रफिक झकेरियांच्या पत्नी, पत्रकार फरीद झकेरियांच्या आई. दोन्ही खरं आहे. पण मुलगा पत्रकार होण्याच्या कितीतरी आधी त्या स्वतः मुंबईत ‘टाइम्स ऑफ इंडिया’त संपादन करत होत्या. 2005 साली पती गेल्यावर त्यांनी आपल्या शहरातल्या मौलाना आझाद शिक्षण संस्थांची धुरा सांभाळली. 2006 मध्ये पद्मश्री मिळाली. 6 एप्रिल 2021 रोजी कोरोनाने त्या इथेच गेल्या.

त्यांचं काम नोंदलं गेलं, म्हणून मला हे सांगता येतं. माझ्या दादीचं तसं नाही. ती गेल्यावर मी तिच्याविषयी लिहायला बसलो आणि चार ओळींतच अडलो. आमच्या फीसाठी ती रात्री गोधड्या शिवायची, एवढं माहीत होतं. तिला काय शिकायचं होतं, हे मी कधी विचारलंच नाही.

तुमच्या हाती अजून वेळ आहे. आज घरी गेल्यावर अम्मीजवळ, नानीजवळ बसा. विचारा, आणि उत्तर त्यांच्या नावासकट लिहून ठेवा.